हेड गॅस्केट घरी बदलता येते. पण ते का गेले?

ठाणे, प्रतिनिधी

कल्याण, डोंबिवली आणि ठाणे परिसरात मोटारसायकल हे हौसेचे वाहन कधीच राहिलेले नाही. घरापासून स्थानकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर अंतर, लोकलची ठरलेली वेळ आणि रिक्षाच्या रांगा यांचे गणित जुळवण्यासाठी हजारो कुटुंबांनी दारात दुचाकी आणली. स्थानकांबाहेरच्या वाहनतळांत सकाळी दाटीवाटीने उभ्या असलेल्या एमएच-०४ आणि एमएच-०५ क्रमांकांच्या गाड्या त्याची साक्ष देतात. अशीच एखादी गाडी एके दिवशी चढावर दम टाकू लागते. किक नेहमीपेक्षा हलकी लागते, इंजिनाच्या वरच्या भागातून फुस-फुस असा आवाज येतो, सांध्याभोवती काळे तेल जमू लागते. गॅरेजमध्ये नेल्यावर निदान ऐकायला मिळते, "हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागेल."

नोकरदाराच्या दृष्टीने या वाक्याचा अर्थ अनपेक्षित खर्च आणि दोन-चार दिवसांची गैरसोय एवढाच असतो. मात्र पार्सल पोहोचवण्याच्या कामावर ज्याचे घर चालते, त्याच्यासाठी गाडी उभी राहणे म्हणजे रोजची कमाई बुडणे होय. साहजिकच अनेक जण स्वतःच पाने हाती घेण्याचा विचार करतात. गॅस्केटची किंमत मोटारसायकलच्या इतर सुट्या भागांच्या तुलनेत किरकोळ असते. खरा खर्च मजुरीचा असतो. मग हे काम घरी करता येईल का? हवेने थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या साध्या इंजिनाबाबत याचे उत्तर 'होय' असे आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर महिन्याभरात तेच काम पुन्हा करावे लागते. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. ते जाण्यामागे दुसरा काही दोष असतो आणि तो तसाच राहिला, तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते.

मिलिमीटरभर जाडी, पाऊण टनाचा दाब

इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो, तो सिलिंडर ब्लॉक. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. या हेडमध्ये स्पार्क प्लग आणि फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह असतात. ब्लॉक आणि हेड हे दोन्ही धातूचे भाग कितीही गुळगुळीत केले, तरी त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतातच. त्या बुजवण्यासाठी मध्ये जी पातळ चकती बसवतात, ती हेड गॅस्केट. जुन्या इंजिनांत ती तंतुमय पदार्थ व धातूच्या पत्र्याची असे. अलीकडे पोलादी पत्र्याचे थर एकावर एक ठेवून केलेली गॅस्केटही सर्रास आढळतात. नट आवळले की गॅस्केट दाबले जाते आणि फटींचा आकार घेते. एकदा दाबले गेलेले गॅस्केट पूर्ववत होत नाही. म्हणूनच हेड उघडले की जुने गॅस्केट, वरवर कितीही चांगले दिसत असले, तरी पुन्हा वापरू नये.

या चकतीवर किती भार येतो, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्याजोगा आहे. १९९४ मध्ये बाजारात आलेली हिरो होंडा स्प्लेंडर आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या या परिसरातल्या गल्लोगल्ली दिसतात. तिच्या ९७.२ सीसीच्या मूळ इंजिनात सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. पूर्ण भारावर पेट्रोल पेटताना दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब धरला, तरी हेडला वर ढकलणारे बळ जवळपास पाऊण टनाचे होते. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वेगाने इंजिन फिरत असेल, तर हा धक्का सेकंदाला ५० वेळा बसतो. हेड जागेवर धरून ठेवणारे मोजके नट हे सारे झेलतात. त्यातला एक जरी सैल पडला किंवा हेडचा पृष्ठभाग किंचित वाकला, तरी तापलेल्या वायूला वाट मिळते. तो वायू गॅस्केटची कड जाळत बाहेर पडतो आणि ती वाट दर दिवशी रुंदावत जाते.

कोंडी, कमी तेल आणि पुराचे पाणी

हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर पट्ट्यांसारखे जे पंख दिसतात, त्यांच्यामधून वारा वाहिला तरच उष्णता बाहेर जाते. गाडी धावत असेल तर वारा मिळतो. कोंडीत उभी असेल तर मिळत नाही. कल्याण-शीळ रस्ता, काटई नाका, माजिवडा, घोडबंदर रस्ता येथील रांगांत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या इंजिनाला नेमकी हीच हवा मिळत नाही. कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या दोन वर्षांत तेथील दुचाकीस्वारांनी ही कोंडी रोज अनुभवली. त्यात पावसाळ्यातला चिखल पंखांमध्ये वाळून बसलेला असेल, तर उष्णता आणखी कोंडते.

केवळ कोंडीमुळे चांगले इंजिन बिघडत नाही. मात्र त्याच्या जोडीला तेल कमी असेल, तर परिस्थिती बदलते. लहान इंजिनात तेलाचे प्रमाण लिटरच्या आसपासच असते. त्यातले पाव लिटर जळले वा गळले, तर उरलेल्या तेलावर सगळा भार येतो. कारण हे तेल वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचेही काम करते. इंजिन मर्यादेबाहेर तापले की ॲल्युमिनियमचे हेड वाकते. ॲल्युमिनियम हे पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना हेड व पोलादी स्टड यांच्यातील ताण बदलत राहतो. आधीच कमी-अधिक आवळलेले नट अशा वेळी दगा देतात. पेट्रोल व हवेच्या मिश्रणात हवा जास्त होणे, हेही इंजिन तापण्याचे आणखी एक कारण आहे. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधील रबरी जोडाला तडा गेला, की असे घडते.

या परिसरात आणखी एका कारणाची दखल घ्यावी लागते, ते म्हणजे पूर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी उल्हास नदीला आलेल्या पुराने बदलापूर, कल्याण परिसरातील सखल भाग पाण्याखाली गेले. जुलै २०१९ मध्ये पुन्हा उल्हास नदीचे पाणी पसरले. बदलापूर-वांगणी दरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली, ती याच वेळी. अशा पुरात बुडालेली गाडी पाणी ओसरताच चालू करून पाहण्याचा मोह घातक ठरतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टरचे बटण दाबले किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकली, तर ते बळ गॅस्केटवर आणि कनेक्टिंग रॉडवर येते. म्हणून बुडालेल्या गाडीचा प्लग आधी काढावा, पाणी बाहेर काढावे, एअर फिल्टर पाहावा, तेल बदलावे आणि मगच पुढचा विचार करावा.

आधी निदान, मग पाना

हेड उघडण्यापूर्वी दोष खरोखर गॅस्केटचाच आहे का, याची खातरजमा करणे ही सर्वांत मोठी बचत ठरते. सांध्याजवळ तेल दिसले म्हणजे गॅस्केट गेले, असा समज सर्वत्र आहे. तो दर वेळी खरा नसतो. टॅपेटच्या झाकणाची रबरी रिंग कडक झाली, तर तेथून पाझरलेले तेल वाऱ्याने पसरून हेडच्या सांध्यावर जमते. टायमिंग चेनच्या टेन्शनरपाशी होणारी गळतीही अशीच फसवी असते. यासाठी गार इंजिन डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडे करावे, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. पावडर सर्वांत आधी जेथे ओली होते, तेथे गळतीचे मूळ असते. काही रुपयांच्या रिंगेने काम भागत असेल, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

वायू बाहेर पडतो की काय, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. गार इंजिनाच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावावे आणि दुसऱ्याला किक मारायला सांगावे. बुडबुडे आले तर शंका खरी ठरते. बुडबुडे नाहीत, पण किक मात्र हलकी लागते, अशा वेळी दोष पिस्टन रिंगचा किंवा व्हॉल्व्हचा असू शकतो. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून दाब मोजावा, नंतर त्याच भोकातून चहाच्या चमच्याएवढे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब ठळकपणे वाढला तर रिंग झिजल्या आहेत, असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांच्याकडे बोट जाते. गेज जवळ नसेल, तर ही एक तपासणी गॅरेजमधून करून घेण्यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात आणखी एक गैरसमज हमखास होतो. तेल तपासण्याच्या काडीवर दुधाळ थर दिसला की "गॅस्केट जाऊन पाणी शिरले" असे सांगितले जाते. परंतु हवेने थंड होणाऱ्या इंजिनात गॅस्केटच्या एका बाजूला पाणी मुळातच नसते. मग ते गॅस्केटमधून येणार कोठून? रोज घर ते स्थानक एवढीच छोटी फेरी झाल्यास इंजिन पुरेसे तापत नाही. आतल्या हवेतील बाष्प तेलात मिसळून असा थर तयार होतो. तेल बदलून अधूनमधून गाडी लांब चालवली, की तो बहुधा नाहीसा होतो. रेडिएटर असलेल्या गाडीत मात्र हेच लक्षण गंभीर मानले पाहिजे.

जागा आणि हत्यारे

इमारतीखालील पार्किंगमध्ये काम करताना प्रथम सुरक्षेचा विचार करावा. ठाणे-डोंबिवलीतील असंख्य इमारतींत विजेच्या मीटरची पेटी याच जागी असते. पेट्रोलची वाफ जड असल्याने जमिनीलगत साचते. त्यामुळे टाकी काढून दूर, मोकळ्या हवेत ठेवावी, सुटे भाग पेट्रोलने धुऊ नयेत आणि आसपास विडी-सिगारेट पेटू देऊ नये. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जमिनीवर उभी करावी. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेडचे नट सैल करू नयेत. गरम हेडचे नट सोडले तर ते वाकण्याची भीती असते.

हत्यारांपैकी बॉक्स पाने, प्लग पाना आणि स्क्रूड्रायव्हर अनेकांकडे असतात. या कामाला आणखी तीन वस्तू लागतात. पहिली टॉर्क पाना, दुसरी फीलर गेज आणि तिसरी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. टॉर्क पाना विकत घेणे परवडत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणावा. त्याच्याविना मात्र हे काम सुरू करू नये. गॅस्केट त्याच मॉडेलचे आणि त्याच वर्षाच्या आवृत्तीचे घ्यावे. एकाच नावाच्या गाडीत कालांतराने इंजिन बदललेले असू शकते. शक्यतो पूर्ण पॅकिंग किट घ्यावे. कारण हेड उतरवताना सायलेन्सरची रिंग आणि झाकणांच्या रिंगही बदलाव्या लागतात.

हेड उतरवताना

सायलेन्सर, कार्बोरेटर, प्लग आणि टॅपेटची झाकणे आधी काढावीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असते. त्यांच्या सायलेन्सरवर ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिनावर तापमानाचा सेन्सर असतो. त्यांच्या वायरी ओढून न काढता जोडाची कळ दाबून सोडवाव्यात. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. काही इंजिनांत एका स्टडच्या भोकातूनच तेल वर चढते. तेथे तांब्याचा वॉशर आणि बंद टोपीचा नट असतो. त्याची जागा चुकली तर सगळे नीट करूनही गळती कायम राहते.

यानंतर फ्लायव्हील हळूहळू फिरवून त्यावरील 'टी' ही खूण खिडकीतील खाचेसमोर आणावी. या स्थितीत दोन्ही टॅपेट हाताला किंचित सैल लागले पाहिजेत. तसे नसेल तर आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. मग टेन्शनर सैल करून वरचे स्प्रॉकेट सोडवावे. टायमिंग चेन तारेने बांधून वर अडकवून ठेवावी. ती आत पडली तर काम अकारण वाढते. हेडचे नट एका दमात न काढता कर्णरेषेत, अर्धी-अर्धी फेरी देत सैल करावेत.

हेड चिकटून बसलेले असेल, तर सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह आवरावा. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा नव्या गॅस्केटचे काम बिघडवतो. लाकडी किंवा रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्यावेत. त्याच वेळी दुसऱ्या हाताने ब्लॉक खाली दाबून धरावा. हेडबरोबर ब्लॉकही वर उचलला गेला, तर खालचे गॅस्केट फाटते आणि काम दुप्पट होते. हेड निघाल्यावर चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबावे, म्हणजे कचरा खाली जात नाही.

खरे काम पृष्ठभागाचे

जुन्या गॅस्केटचे अवलोकन केल्याशिवाय ते फेकू नये. ते कोणत्या बाजूने जळले आहे, यावरून दोषाचा माग लागतो. एकाच बाजूला काळा पट्टा असेल, तर त्या बाजूचा नट सैल होता किंवा हेड तेथे वाकले आहे, असा अंदाज बांधता येतो. सर्वत्र सारखीच झीज दिसत असेल, तर अतिउष्णतेकडे लक्ष वेधले जाते.

चिकटून राहिलेले तुकडे खरवडताना ते डिझेलने ओले करावेत आणि तोंडाला मास्क लावावा. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉसचा वापर होत असे. त्याची कोरडी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाणे धोक्याचे असते. खरवडण्यासाठी धारदार पोलादी पट्टीऐवजी कडक प्लास्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा बरा. हेडच्या पोकळीतील काजळी काढतानाही व्हॉल्व्हच्या बैठकीला ओरखडा जाऊ देऊ नये.

आता मुख्य तपासणी. लोखंडी गुण्याची सरळ कड हेडच्या पृष्ठभागावर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी आणि तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतची फट साधारणतः चालते; नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. हीच तपासणी ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावरही करावी. बाकी सगळे काम व्यवस्थित होऊनही गॅस्केट पुन्हा जाते, त्याचे कारण बहुधा ही वगळलेली पाच मिनिटांची तपासणी असते.

वाक अगदी थोडा असेल, तर जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून, त्यावर तेलाचे थेंब टाकून हेड इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवण्याची रीत आहे. वाक जास्त असेल तर मात्र हेड यंत्रावर सपाट करून घ्यावे लागते. याबाबतीत ठाणे-कल्याण पट्टा सुदैवी म्हणावा लागेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १९६२ मध्ये ज्या वागळे इस्टेटमधून झाली, ती येथेच आहे. डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर परिसरातही लहान-मोठे लेथ वर्कशॉप आहेत. 'हेडला फेसिंग मारायचे आहे' एवढे सांगितले, तरी काम समजते. मात्र फेसिंग जरुरीपुरतेच असावे. हेड जास्त घासले गेले तर इंजिनातील दाब वाढतो, पेट्रोल अवेळी पेटून ठोक्यांचा आवाज येऊ लागतो आणि गॅस्केटवरचा भार पुन्हा वाढतो.

आवळण्याचे शास्त्र

दोन्ही पृष्ठभाग फडक्याने पुसून तेलाचा अंशही राहू देऊ नये. बैठक पक्की करणाऱ्या दोन पोकळ पिना आणि तेलाच्या वाटेची रबरी रिंग जागेवर आहे ना, हे पाहावे. नवे गॅस्केट कोरडेच बसवावे. मॅन्युअलमध्ये सांगितलेले नसताना त्यावर सिलिकॉन लावणे नुकसानकारक ठरते. दाबाने बाहेर आलेला सिलिकॉन तेलाची वाट बंद करतो आणि हेडमधील कॅमशाफ्टला तेल मिळेनासे होते.

नटांचे आटे स्वच्छ असावेत. नट प्रथम हाताने बसवून मग कर्णरेषेत दोन किंवा तीन टप्प्यांत आवळावेत. 'जितके घट्ट तितके चांगले' ही समजूत येथे सर्वाधिक घात करते. लहान इंजिनांतील आठ मिलिमीटरच्या स्टडसाठी सांगितलेला टॉर्क अनेकदा २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. प्रमाण मानावा तो मॅन्युअलमधील आकडाच. २० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगण्याइतके बळ. पान्याला पाइप लावून अंगाचा भार टाकणारा माणूस याच्या कितीतरी पट बळ लावतो. त्यामुळे स्टड ताणला जातो किंवा ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात.

त्यानंतर फ्लायव्हीलची 'टी' खूण हललेली नाही ना, हे पाहून वरच्या स्प्रॉकेटची खूण हेडवरील खाचेशी जुळवावी आणि चेन चढवून टेन्शनर लावावा. एका दात्याची चूकही गाडी चालू न होण्यास पुरेशी असते. चूक मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. म्हणून प्लग न लावता इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. कोठेही अडले तर जोर न लावता थांबावे आणि खुणा पुन्हा जुळवाव्यात. सर्व सुरळीत असल्यास टॅपेटचे अंतर मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने ठेवावे. ताजे तेल भरावे आणि प्लग लावावा.

गाडी चालू झाल्यावर पहिली पाच मिनिटे ती मंद वेगावर ठेवून सांध्याकडे लक्ष द्यावे. टॅपेटच्या झाकणातून पाहिले असता तेल वर पोहोचत असल्याचे दिसले पाहिजे. काही कंपन्या पहिल्या वापरानंतर इंजिन पूर्ण गार करून नट पुन्हा तपासण्यास सांगतात, तर काही सांगत नाहीत. याबाबत मॅन्युअलचा शब्द अखेरचा मानावा.

कोठे थांबावे

घरी काम करणाऱ्याने आपली मर्यादा आधीच ठरवून घेणे हिताचे असते. १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचे हेड सर्वांत सोपे, कारण त्यात व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन दोन्ही नाहीत. शिकाऊ माणसाने सुरुवात अशा इंजिनापासून करावी. त्यानंतर १०० ते १२५ सीसीची साधी फोर-स्ट्रोक इंजिने येतात. रेडिएटर असलेल्या यामाहा आर १५, केटीएम ड्यूक किंवा बजाज पल्सर एनएस २०० यांसारख्या गाड्यांचे काम मात्र अनुभवी हातांकडेच सोपवणे इष्ट. या गाड्यांत रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होणे, त्यात बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे आणि तेल दुधाळ होणे ही लक्षणे दिसताच गाडी चालवणे थांबवावे. पाणी मिसळलेल्या तेलावर इंजिन चालवले तर बेअरिंग खराब होतात आणि गॅस्केटचे काम पूर्ण इंजिनाच्या कामावर जाते.

वॉरंटीतील गाडी घरी उघडू नये. स्टड तुटला, आटे निघाले, व्हॉल्व्ह वाकलेला आढळला किंवा सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे दिसले, तर तेथेच थांबून सर्व भाग नीट गुंडाळून गॅरेज गाठावे. अर्धे काम घेऊन येणाऱ्या ग्राहकाला मेकॅनिक रागावतात खरे. पण नट-बोल्ट वाट्यांत लावलेले आणि छायाचित्रे सोबत असलेली असली, तर त्यांचाही वेळ वाचतो आणि मजुरीही आटोक्यात राहते.

काढलेले काळे तेल गटारात ओतणे हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित अपराध आहे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. कल्याण-डोंबिवलीतील नाले उल्हास नदी आणि खाडीला मिळतात. ठाण्याची खाडी तर २०२२ पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे. तेल बंद डब्यात भरून, ते जमा करून घेणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देणे सहज शक्य असते.

काम झाल्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि तपासणीत आढळलेला दोष वहीत लिहून ठेवावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सांधा आणि तेलाची पातळी पुन्हा पाहावी. एवढे करूनही काही महिन्यांत तीच फुस-फुस ऐकू आली, तर तिसरे गॅस्केट आणण्यासाठी दुकानात जाऊ नये. तेल कोठे जाते, हेड किती वाकले आहे आणि इंजिन कशामुळे तापते, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली जाईपर्यंत पाने बाजूला ठेवावेत.